जड आहे म्हणून जागेवर राहील? ट्रकवरचं लोखंड नीट कसं बांधायचं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं किंवा लोकलमध्ये ज्यांचा आवाजच येत नाही, त्यांच्यासाठी हा आजचा एपिसोड लिहून देतोय. बोलताना जे आकडे पटपट सांगितले, ते इथे जरा सावकाश बघा.

आजचा विषय रस्त्यावरचा आहे. तुम्ही बाइकवर आहात, पुढे एक लांब ट्रेलर चाललाय. वर कुठलंही झाकण नाही, नुसती सपाट फळी आणि तिच्यावर मधोमध एकच चकचकीत लोखंडी गुंडाळी. कळंबोलीच्या लोखंड बाजाराकडून पनवेलच्या दिशेने जाताना हे दृश्य रोजचं आहे. त्या गुंडाळीला म्हणतात कॉइल. स्टीलच्या पत्र्याचा लांबच लांब पट्टा, गुंडाळून ठेवलेला. एकेका कॉइलचं वजन दहा, पंधरा, वीस टन. आणि बांधलंय कशाने? कधी दोन साखळ्या, कधी एक, आणि कधी नुसते दोन लाकडी ठोकळे.

तुमच्या मनात येतं, एवढं जड धूड, ते कुठे हलतंय? माझ्याही मनात हेच यायचं.

मामाची गाडी

माझा मामा जालन्याहून पुण्याला सळया न्यायचा. जालन्यात सळया बनवणाऱ्या रोलिंग मिल भरपूर आहेत, त्यामुळे भाडं कायम मिळायचं. मी अकरावीत असताना एका सकाळी त्याचा फोन आला की गाडी इमामपूर घाटाच्या अलीकडे उभी आहे आणि तो बरा आहे. "बरा आहे" हे आधी सांगितलं, म्हणजे काहीतरी झालंय हे घरच्यांना लगेच कळलं.

झालं असं होतं. पुढे अचानक एक मोटारसायकल आडवी आली, मामाने करकचून ब्रेक मारला. गाडी थांबली. वरच्या थरातले सळयांचे बंडल मात्र थांबले नाहीत. ते पुढे सरकले, हौद्याची पुढची भिंत वाकवली आणि केबिनचा मागचा पत्रा फाडून हातभर आत आले. ड्रायव्हरच्या सीटमागे जी झोपायची फळी असते, बरोबर तिथे. क्लीनर रोज त्या वेळी तिथे झोपलेला असायचा. त्या दिवशी चहा प्यायला म्हणून उठून पुढे बसला होता, म्हणून वाचला.

नंतर मी मामाला विचारलं, "मामा, तुम्ही माल बांधला नव्हता का?"

तो म्हणाला, "बांधला होता की. खालचा थर बांधला होता. वरचा वजनावर सोडला होता. आरं, जड आहे म्हणून गप बसेल, असं नसतं बाबा."

आजचा अख्खा एपिसोड या एका वाक्यावर आहे.

घरी करून बघा

स्वयंपाकघरातून एक स्टीलचं ताट घ्या आणि सारख्या दोन स्टीलच्या वाट्या. एक रिकामी ठेवा, दुसरीत साखर भरा. दोन्ही वाट्या ताटात शेजारी शेजारी ठेवा आणि ताट एका बाजूने हळूहळू उचला.

कुठली आधी घसरेल? बहुतेक जण म्हणतात, रिकामी. हलकी आहे ना! प्रत्यक्षात दोन्ही जवळजवळ एकाच तिरपेपणाला घसरतात.

कारण सोपं आहे. वाटी जड झाली की ती ताटाला जास्त दाबते, म्हणजे घर्षण वाढतं. पण तेवढ्याच प्रमाणात तिला खाली ओढणारा जोरही वाढतो. दोन्ही एकत्र वाढतात आणि हिशोब बरोबरीत सुटतो. वस्तू घसरणार की नाही, हे वजनावर ठरत नाही. खाली काय आहे आणि वर काय आहे, या दोन पृष्ठभागांवर ठरतं.

आता त्याच ताटात जुन्या योगा मॅटचा तुकडा टाका, वर वाटी ठेवा आणि पुन्हा उचला. ताट कितीतरी जास्त तिरपं करावं लागेल.

या पकडीला एक आकडा असतो, घर्षणाचा गुणांक. स्टीलवर स्टील असेल तर तो साधारण ०.१ ते ०.२ असतो. तेल लागलेलं असेल तर आणखी कमी, आणि कॉइलवर गंज लागू नये म्हणून तेलाचा हात बरेचदा असतोच. कोरड्या लाकडावर तो ०.३च्या आसपास जातो. चांगली रबरी अँटी-स्लिप मॅट घातली तर ०.६पर्यंत.

०.२ म्हणजे काय? तर वीस टनाच्या कॉइलला सरकवायला चार टनांचा जोर पुरतो. ब्रेक मारल्यावर त्याहून जास्त जोर सहज तयार होतो.

ब्रेक मारल्यावर काय होतं

समजा गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली आहे आणि ड्रायव्हरने जोरात ब्रेक मारला. चांगल्या ब्रेकची गाडी साधारण २८ मीटरमध्ये थांबेल. हे नुसतं ब्रेक लागल्यानंतरचं अंतर आहे, ड्रायव्हरच्या डोक्यात प्रकाश पडायला जो वेळ लागतो तो वेगळा.

पण फळीवर मोकळ्या ठेवलेल्या कॉइलला थांबवणारं कोण आहे? फक्त खालचं घर्षण. ०.२च्या घर्षणावर तिला थांबायला ७० मीटर लागतील. गाडी २८ मीटरमध्ये थांबली, कॉइलला ७० हवेत. मधले ४२ मीटर ती कुठे जाणार? चाळीस फुटी ट्रेलरची फळी जेमतेम १२ मीटर. उरलेल्या वाटेत ड्रायव्हरची केबिन आहे.

इथेही वजन किती ते मी धरलंच नाही, बघा. पाच टनांची कॉइल असो की वीस टनांची, अंतर तेच. वजनाने एकच फरक पडतो, धडक किती मोठी बसणार तो.

म्हणून युरोप-अमेरिकेतले माल बांधायचे नियम एक आकडा धरून चालतात. पुढच्या दिशेने, मालाच्या वजनाच्या ०.८ पट जोर सहन झाला पाहिजे. बाजूला आणि मागे, ०.५ पट. म्हणजे वीस टनांच्या कॉइलला पुढे जाण्यापासून रोखायला १६ टनांचा जोर लागतो. घर्षणाने त्यातले चारच दिले. उरलेले १२ कुठून आणायचे, हा खरा प्रश्न.

घाटातलं वळण आणि गावातला स्पीड ब्रेकर

माल फक्त पुढेच सरकतो असं नाही. घाटात ३० मीटर त्रिज्येचं वळण घ्या. ताशी ३० किलोमीटरने गेलात तर बाजूला ढकलणारा जोर वजनाच्या साधारण ०.२४ पट. म्हणजे स्टीलवर मोकळं ठेवलेलं स्टील तेवढ्यानेच सरकू शकतं. तेच वळण ४० च्या वेगाने घेतलं तर जोर ०.४२ पट. वेग फक्त दहाने वाढला, जोर जवळजवळ पावणेदोन पट झाला. बोरघाटात हळू जा म्हणून पाट्या लावतात, त्यामागे हा हिशोबही आहे.

आणि आपला लाडका स्पीड ब्रेकर. गाडी उसळली की क्षणभर मालाचा फळीवरचा दाब कमी होतो. दाब कमी, म्हणजे घर्षण कमी. नेमक्या त्याच क्षणी गाडी ब्रेकखाली किंवा वळणात असेल तर माल पाट्यावरच्या ओल्या साबणासारखा सरकतो. नुसत्या वजनावर विसंबलेला माल अशा दहा उसळ्यांत दहा वेळा थोडा थोडा जागा सोडतो. ड्रायव्हरला ते आरशात दिसत नाही.

मग बांधायचं कसं?

तीन गोष्टी लक्षात ठेवा: अडवणं, पकड वाढवणं आणि ओढून धरणं.

पहिली, अडवणं. माल शक्यतो हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकून हवा. मध्ये मोकळी जागा सोडली तर सरकणाऱ्या मालाला धावायला जागा मिळते आणि तो वेग घेऊन आदळतो. पण कॉइल नेहमी पुढे टेकवता येत नाही, कारण वजन चाकांवर बरोबर वाटलं गेलं पाहिजे. अशा वेळी मधली जागा जाड लाकडांनी, ती निखळणार नाहीत अशी भरायची.

दुसरी, पकड. कॉइलखाली रबरी मॅट टाकली की घर्षण ०.२ वरून ०.६ वर जातं. वीस टनांच्या कॉइलला १६ टनांचा जोर हवा होता. आता त्यातले १२ टन नुसती मॅट देते. उरले चार. रबराच्या तुकड्याने एवढं काम होतं. तरीही अनेक गाड्यांमध्ये ती नसते, कारण दिसायला ती फार किरकोळ वाटते.

तिसरी, साखळी. इथे एक गैरसमज आहे. मालावरून आडवी टाकलेली साखळी, म्हणजे एका बाजूच्या हुकातून निघून वरून दुसऱ्या बाजूला गेलेली, ती माल धरत नाही. ती माल खाली दाबते, बस. हाताने रॅचेट आवळून एकेका बाजूला अर्धा टन ताण आला, तर दोन्ही मिळून एक टनाचा जास्तीचा दाब. ०.२च्या घर्षणावर त्यातून पकड मिळते फक्त २०० किलोची. तुम्हाला १२ टन हवेत. नुसत्या दाबावर भागवायचं तर ६० साखळ्या लागतील!

त्यात साखळीचा कोनही बघायचा. ती फळीशी काटकोनात उभी असेल तर सगळा ताण खाली दाबायला लागतो. ३० अंशांवर आली, म्हणजे खूप पसरट झाली, की दाब निम्माच उरतो. ठेंगण्या, रुंद मालावर आडव्या साखळीचा उपयोग म्हणून कमी.

मोठ्या वजनाला ओढून धरणारी साखळी लागते. कॉइलच्या मधल्या भोकातून, त्याला आय म्हणतात, साखळी ओवायची आणि मागच्या बाजूला हुकात तिरपी अडकवायची. आता कॉइल पुढे सरकू लागली तर साखळीच तिला मागे खेचते. तशीच दुसरी साखळी उलट दिशेने, म्हणजे मागे सरकायचीही सोय बंद.

किती साखळ्या? अमेरिकेतला किमान नियम सोपा आहे: सगळ्या बांधण्यांची सुरक्षित क्षमता मिळून मालाच्या वजनाच्या निम्मी तरी हवी. वीस टनांना दहा टन. तीन टन क्षमतेच्या साखळ्या असतील तर चार. हा किमान आकडा आहे, आणि अडवणं त्यातून सुटत नाही. साखळीवर क्षमतेचा शिक्का किंवा टॅग नसेल तर तिच्यावर किती भरवसा ठेवायचा, हे कोणालाच सांगता येणार नाही. आणि नायलॉनचा दोर? तो ताडपत्री बांधायला ठेवा. ताण आला की तो लांबतो, आणि पत्र्याच्या धारेवर कापला जातो. बेल्ट वापरायचा असेल तर धारेवर कोपऱ्याची गादी घातलीच पाहिजे.

कॉइल, सळया, प्लेट: प्रत्येकाची वेगळी खोड

कॉइल कशी ठेवली आहे ते बघा. भोक आकाशाकडे असेल तर ती सरकू शकते, पण घरंगळत नाही. भोक डावी-उजवीकडे असेल तर ती चाकासारखी पुढे घरंगळायला मोकळी. भोक पुढे-मागे असेल तर बाजूला घरंगळणार. घरंगळणारीसाठी खाली खाच असलेला पाळणा किंवा दोन्ही बाजूंनी भक्कम पाचर लागते. ती पाचर नुसती खिळ्यांनी ठोकलेली चालत नाही. अमेरिकेच्या नियमात तर ते स्पष्ट लिहिलंय. वीस टनांपुढे चार खिळे म्हणजे टाचण्या.

सळयांचं दुखणं वेगळं. १६ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई साधारण १९ किलोची. अशा कित्येक सळयांचा एक बंडल. बंडल वरून आवळला तर कडेच्या सळया दाबल्या जातात, मधल्या मात्र सैलच राहतात. अगरबत्तीच्या पुड्यातली मधली काडी बोटाने ढकला, कशी अलगद बाहेर येते. म्हणून साखळी बंडलभोवती पूर्ण वेढा देऊन आवळायची, आणि पुढचं तोंड भिंतीला टेकवायचं. सळया छोट्या हौद्यात बसाव्यात म्हणून त्या यू आकारात वाकवून भरतात, तुम्ही पाहिल्या असतील. त्या वाकवलेल्या बंडलांचे थर एकमेकांवर नीट बसत नाहीत, म्हणून प्रत्येक थर वेगळा बांधावा लागतो. मामाने नेमकं तेच केलं नव्हतं.

प्लेटा एकावर एक रचल्या की स्टीलवर स्टील. सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची बांधली तरी मधली निसटू शकते. मध्ये लाकडी पट्ट्या किंवा मॅट घालायची आणि पुढून अडवायचं. पाइपांना बाजूने उभे खुंट लागतात, आणि रचाई खुंटांच्या वर जाता कामा नये.

पहिल्या चहाला थांबल्यावर

बांधून झालं म्हणजे काम संपलं, असं नाही. गाडी चालली की लाकूड दबतं, बंडल बसतो, साखळीच्या कड्या आपापली जागा घेतात. निघताना टणक वाजणारी साखळी तासाभरात लोंबू शकते. अमेरिकेत पहिल्या ८० किलोमीटरच्या आत एकदा, आणि मग दर २४० किलोमीटरला किंवा दर तीन तासांनी बांधणी तपासायचा नियम आहे. मामाचा नियम आणखी सोपा होता: गाडी चहाला थांबली की आधी साखळीला हात, मग कपाला. त्या अपघातानंतर त्याने स्वतःच्या पैशाने साखळ्या, पाचरी आणि रबराचे तुकडे घेतले, आणि रिटायर होईपर्यंत गाडीत ठेवले.

मग लोक का बांधत नाहीत?

ड्रायव्हर अडाणी असतात म्हणून, असं म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही. माल भरतो एक, गाडी चालवतो दुसरा, गाडी असते तिसऱ्याची आणि घाई असते चौथ्याची. नीट बांधायला जो वेळ लागतो त्याचे पैसे बरेचदा कोणी देत नाही. मॅट, साखळ्या घ्यायच्या कोणी, हे भाडं ठरताना बोललंच जात नाही. आणि शंभर ट्रिपा काही न होता पार पडल्या की वाटतं, असंच चालतं.

कायदा मात्र आहे. पूर्वी गाडीच्या मागे एक मीटरपर्यंत माल बाहेर काढायला परवानगी होती, म्हणून टोकाला लाल फडकं बांधून सळया जायच्या. रात्री त्या सळयांवर जाऊन आदळण्याचे अपघात इतके होते की २०१४ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल करून ही सूट काढून टाकली. म्हणजे आज लाल फडकं लावलं तरी सळया मागे बाहेर काढणं बेकायदाच आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये हौद्याबाहेर असा माल काढल्याबद्दल २०,००० रुपये दंड आहे, आणि माल नीट लावल्याशिवाय गाडी पुढे सोडायची नाही, असंही त्यात आहे.

आणि तुम्ही बाइकवर असाल तर

लोखंडाच्या गाडीच्या मागे तीन सेकंदांचं अंतर ठेवा. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की "एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन" मोजा. त्याआधी तुम्ही खांबापाशी पोचलात तर तुम्ही फार जवळ आहात. साठच्या वेगाला हे अंतर ५० मीटर होतं. रात्री किंवा पावसात आणखी वाढवा. घाटात आणि गोल चौकात अशा गाडीच्या शेजारी रेंगाळू नका, वळणाच्या बाहेरच्या बाजूला तर अजिबातच नाही. माल पडतो तो त्याच बाजूला.

साखळी लोंबताना दिसली तर सुरक्षित अंतरावरून पुढे जा आणि ड्रायव्हरला हाताने खूण करा. बहुतेक जण थांबतात, आभारही मानतात. थांबला नाही तर स्वतः आधी रस्त्याच्या कडेला थांबा आणि मग राष्ट्रीय महामार्गावर १०३३ किंवा कुठेही ११२ला फोन करा. गाडीचा नंबर आणि जवळचा किलोमीटरचा दगड सांगा. चालत्या बाइकवरून फोन काढू नका, प्लीज.

तुमच्यापैकी कोणी वर्कशॉपमध्ये असेल, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात असेल, साइटवर सळया मागवत असेल, तर त्यांच्यासाठी एक विनंती. पुढची गाडी भरली जाईल तेव्हा पाच मिनिटं तिथे उभे राहा आणि विचारा: खाली मॅट आहे का? पुढे टेकलंय का? वरचा थर बांधलाय का? ड्रायव्हरने हेच विचारलं तर त्याला "उशीर होतोय" ऐकावं लागतं. तुम्ही विचारलंत तर त्याला बांधायला वेळ मिळेल.

मामाचा तो क्लीनर आता स्वतः ट्रेलर चालवतो. मध्यंतरी भेटला तेव्हा मी त्याला विचारलं, अजून मागच्या फळीवर झोपता का? म्हणाला, "झोपतो ना. पण आधी मागं जाऊन साखळ्या बघून येतो."

तुमच्या घरात कोणी गाडी चालवत असेल तर हा एपिसोड त्यांना पाठवा, आणि ते माल कसा बांधतात ते मला कळवा. भेटू पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत ऐकत राहा, आणि अंतर ठेवून चला!